‘हिपॅट’ या अक्षरक्रमाचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवणीला जी मुले येतात, त्यांच्या घरी मराठी बोलली जाते, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि बारावीनंतर नर्सिंग, फार्मसी किंवा वैद्यकाकडे जाण्याचे बहुतेकांच्या मनात असते. त्यांपैकी एका मुलीने एकदा ‘हिपॅटेक्टॉमी’ या शब्दाचा अर्थ ‘सातवा भाग कापून काढणे’ असा लिहिला. ‘हेप्टॅगॉन’ म्हणजे सप्तकोन हे तिला ठाऊक होते, शब्दाच्या शेवटी ‘एक्टॉमी’ आले की काहीतरी कापून काढलेले असते हेही ठाऊक होते, आणि या दोन गोष्टींवरून तिने पूर्वी कधीही न पाहिलेला शब्द स्वतः उकलला होता. उत्तर चुकले, पण रीत चांगली होती. ए आणि टी या दोन अक्षरांचा क्रम तेवढा तिने पाहिला नव्हता. ही रीत न चुकता कशी वापरावी, समान अक्षरक्रम खरा आहे की फसवा हे कसे तपासावे आणि मराठी वाचकाने तो कशाच्या आधारे लक्षात ठेवावा, हे यकृताच्या शब्दांवरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

किती अक्षरे धरावीत

प्रथम जो शब्द आपल्याला पक्का माहीत आहे तो घ्यावा. आपल्याकडे हा शब्द बहुधा ‘हिपॅटायटिस’ असतो, कारण लसीच्या कार्डावर आणि रक्ताच्या तपासणीत तो सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचे स्पेलिंग कागदावर सुटे लिहावे: एच, ई, पी, ए, टी, आणि मग आय, टी, आय, एस. शेवटची चार अक्षरे टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस, अपेंडिसायटिस या शब्दांतही आहेत आणि सगळीकडे त्यांचा अर्थ दाह असाच आहे. म्हणून ती बाजूला काढली की हाती पाच अक्षरे उरतात, आणि ती यकृताची आहेत. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणत, आणि त्याचे षष्ठीचे रूप ‘हेपातोस’ होते. आपली पाच अक्षरे या दुसऱ्या रूपातून आली आहेत.

आता या पाच अक्षरांनी शब्द शोधावेत. छापील कोशात एच-ई-पी-ए-टी उघडले की एकापाठोपाठ एक शब्द सापडतात, परंतु ज्या शब्दांत हा क्रम मध्ये किंवा शेवटी येतो ते तेथे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी संगणकावरील असा कोश वापरावा, ज्यात क्रमाच्या आधी आणि नंतर तारांकित खूण देऊन शोध घेता येतो. मग ‘इंट्राहिपॅटिक’, ‘एक्स्ट्राहिपॅटिक’, ‘एंटरोहिपॅटिक’ असे शब्दही वर येतात.

अक्षरे किती धरायची हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर विद्यार्थी सर्वांत कमी विचार करतात. मासे धरणारा जाळ्याची वीण माशाप्रमाणे निवडतो, तसेच हे आहे. एच-ई-पी एवढीच तीन अक्षरे धरली, तर मेंढपाळ या अर्थाचा ‘शेपर्ड’ हा शब्दही जाळ्यात येतो, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये एसनंतर एच-ई-पी आहे. पण तो शब्द मेंढी आणि कळप राखणारा या दोन शब्दांच्या जोडातून झालेला आहे आणि यकृताशी त्याचा काही संबंध नाही. चौथे अक्षर ए जोडले की मेंढपाळ गळून पडतो, मात्र ‘हेपा फिल्टर’ आत शिरतो. हवेतील बारीक कण गाळणारे हे यंत्र आता एअर प्युरिफायरमुळे घरोघरी परिचित झाले आहे, पण त्यातील चार अक्षरे ही ‘हाय एफिशियन्सी पार्टिक्युलेट एअर’ या चार शब्दांची आद्याक्षरे आहेत. पाचवे अक्षर टी जोडले की जाळे जवळजवळ निर्दोष होते, पण तेव्हा दोन खरे शब्द निसटतात, आणि ते दोन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘हिपॅरिन’. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हे औषध 1916 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आले. कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देणारा गुण त्याला आढळला होता, आणि त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांनी 1918 साली या द्रव्याला यकृतावरून हे नाव दिले. आज हिपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार करतात, तरी नावात यकृत कायम राहिले आहे. येथे टी नाही, कारण हे नाव ‘हेपातोस’वरून न घेता ‘हेपार’ या मूळ रूपावरून घेतले आहे. दुसरा शब्द ‘हेप्सिडिन’. यकृतात तयार होणारे आणि शरीरातील लोहाचे नियमन करणारे हे संप्रेरक आहे, आणि त्याच्या नावात यकृताची फक्त पहिली तीन अक्षरे राहिली आहेत. म्हणून पाच अक्षरांनी मुख्य यादी करावी, मग चार आणि तीन अक्षरांनी पुन्हा शोधून सुटलेले शब्द हाताने निवडावेत.

शब्दाचा जोड कोठे आहे ते पाहावे

यादी झाली की प्रत्येक शब्द जोडावर तोडावा. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण संधी सोडवण्याची सवय शाळेपासून असते. ‘हिपॅटो’ आणि ‘साइट’ मिळून हिपॅटोसाइट, म्हणजे यकृताची पेशी. ‘मेगॅली’ जोडले की यकृत मोठे होणे, ‘लॉजी’ जोडले की यकृताचे शास्त्र, ‘टॉक्सिक’ जोडले की यकृताला विषारी असणारे. या शब्दांत मध्ये एक ओ येतो, आणि हिपॅटायटिस, हिपॅटिक, हिपॅटोमा, हिपॅटेक्टॉमी यांत असा जोडणारा ओ येत नाही. याचा नियम सोपा आहे: पुढचा घटक व्यंजनाने सुरू होत असेल तर ओ ठेवायचा आणि स्वराने सुरू होत असेल तर बहुधा गाळायचा. हिपॅटोमामधील ओ हा जोडणारा नसून गाठ या अर्थाच्या ‘ओमा’ या प्रत्ययाचा आहे, एवढे लक्षात ठेवले की स्पेलिंगच्या बऱ्याच चुका थांबतात.

जोड न पाहता केवळ अक्षरे पाहिली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण पित्ताच्या शब्दांत आहे. ग्रीकमध्ये पित्ताला ‘खोले’ म्हणत, आणि इंग्रजीत ते सी-एच-ओ-एल-ई असे लिहिले जाते. कोलेस्टेरॉल हा शब्द यावरूनच आला आहे. हे द्रव्य प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडले, म्हणून पित्त आणि घन या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याचे नाव केले गेले. उदासपणाला ‘मेलँकली’ म्हणतात, कारण काळे पित्त वाढल्याने मन खिन्न होते असे जुने ग्रीक वैद्य मानत. परंतु ‘स्कॉलर’ या शब्दातही सी-एच-ओ-एल आहे, आणि तो शब्द ग्रीकमधील फावल्या वेळासाठी असलेल्या शब्दावरून आला आहे. ‘सायकॉलॉजी’मध्येही तीच चार अक्षरे ओळीने येतात, पण तेथे जोड त्या चार अक्षरांच्या मधोमध पडतो: ‘सायक’ म्हणजे मन हा भाग सी-एचवर संपतो आणि ‘ऑलॉजी’ ओपासून सुरू होते. जोड ओलांडून जाणारा अक्षरक्रम हा योगायोग असतो, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीच्या घरच्या ‘लिव्हर’ या शब्दाचेही असेच आहे. एल-आय-व्ही-ई-आर ही पाच अक्षरे ‘डिलिव्हर’, ‘स्लिव्हर’, ‘लिव्हरी’ आणि ‘लिव्हरपूल’ या सर्वांत आहेत. डिलिव्हरचे मूळ लॅटिनमधील मुक्त करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे, लिव्हरी म्हणजे नोकरांना दिलेला गणवेश हा फ्रेंचमधील देणे या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि स्लिव्हर म्हणजे लाकडाची बारीक चिरफळी. यांपैकी कोणाचाही यकृताशी संबंध नाही. खरा संबंध ‘लिव्हरवर्ट’चा आहे. अकरावीच्या वनस्पतिशास्त्रात रिक्सिया आणि मार्कँशिया या ओलसर जागी वाढणाऱ्या वनस्पती या गटात शिकवल्या जातात. त्यांचा पसरट, खंडयुक्त आकार यकृतासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत हे नाव पडले आणि मराठीत त्यांना यकृतका म्हणतात.

एकाच अवयवाला लिव्हर आणि हिपॅटिक असे दोन शब्द कशासाठी, असे मुले नेहमी विचारतात. त्यांना मी मराठीकडे पाहायला सांगते. आपण दात म्हणतो पण दवाखान्याच्या पाटीवर दंतवैद्य लिहितो. हाड मोडते पण अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. घरात बोलण्याचा शब्द एक आणि शास्त्राचा शब्द दुसऱ्या, जुन्या भाषेतला, ही व्यवस्था आपल्याला जन्मापासून परिचित आहे. काळीज हा शब्दही मूळचा यकृताचाच आहे, तो संस्कृतातील कालेयक या शब्दावरून आला. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की आजही यकृतच मिळते, मात्र बोलण्यात काळजाचा अर्थ हृदयाकडे सरकला आहे.

मराठी वाचकाला मिळालेली सोय

येथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. यकृत आणि हेपार हे शब्द एकाच प्राचीन शब्दाचे दोन वंशज आहेत. ग्रीक आणि संस्कृत या भाषा एका कुळातल्या असून, त्या कुळाच्या मूळ भाषेत यकृताला जो शब्द होता त्याच्या आरंभीच्या य चा ग्रीकमध्ये ह झाला आणि मधल्या व्यंजनाचा तेथे प झाला, संस्कृतात क झाला. मूळ शब्दाची दोन रूपे होती, एक र असलेले आणि दुसरे न असलेले. संस्कृतात यकृत् या शब्दाची षष्ठी यकृतः तशीच यक्नः अशीही होते. ग्रीकमध्ये हेपार आणि हेपातोस असा जो फरक दिसतो तो याच जुन्या द्वैताचा अवशेष आहे. फारसीतील जिगर हा शब्दही याच घरातला आहे, म्हणून ‘जिगरी दोस्त’ म्हणताना आपण नकळत यकृताचेच नाव घेत असतो.

याचा अभ्यासातील उपयोग पाहावा. सोनोग्राफीच्या अहवालात कधी कधी ‘हिपॅटोस्प्लेनोमेगॅली’ हा लांबलचक शब्द येतो आणि वाचणारा घाबरतो. त्याचे तीन तुकडे करावेत. हिपॅटो हा यकृताचा भाऊ आहे, स्प्लेन हा प्लीहेचा भाऊ आहे, आणि मेगॅलीतील ‘मेगा’ हा महा या शब्दाचा भाऊ आहे. यकृत, प्लीहा, महा. म्हणजे यकृत आणि प्लीहा दोन्ही मोठी झालेली असणे. ‘एंटरोहिपॅटिक’ या शब्दातील एंटरो हा आंत्र या शब्दाचा नातेवाईक आहे, त्यामुळे आतड्यातून यकृताकडे आणि यकृतातून पुन्हा आतड्याकडे होणारे पित्तघटकांचे अभिसरण या नावातच वाचता येते. बिलिरुबिनमधील ‘रुब’ हा लॅटिनमधील लाल या अर्थाचा भाग आपल्या रुधिराचा सोयरा आहे, आणि बिलिरुबिन खरोखरच तांबड्या पेशींतील रक्तद्रव्य मोडून तयार होते. पित्तासाठीचा ग्रीक ‘खोले’ हा पिवळेपणा दाखवणाऱ्या मुळातून आला आहे, त्याच मुळातून संस्कृतातील हरि आणि हरिद्रा, म्हणजे आपली हळद, आली.

एक सावधगिरी मात्र सोडू नये. हे शब्द भावंडे आहेत, एक दुसऱ्याचा बाप नव्हे. इंग्रजी किंवा ग्रीक संस्कृतातून निघाली असे समजून प्रत्येक साम्यावर नाते लादू लागलो तर पुन्हा डिलिव्हरमध्ये लिव्हर शोधण्याचीच चूक होते. नाते खरे असेल तर ध्वनिबदल नियमाने होतो. उदाहरणार्थ, शब्दाच्या आरंभी स्वरापूर्वी येणाऱ्या मूळ स चा ग्रीकमध्ये ह होतो: सप्त आणि हेप्टा, सर्प आणि हर्पीस. हर्पीस म्हणजे सरपटणारा विकार, आणि मराठीत हर्पीस झोस्टरला नागीण म्हणतात, ही जुळणी मला पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी वर्गात दुसरे काही शिकवू शकले नव्हते. यकृताच्या बाबतीत ह हा य पासून आलेला आहे, स पासून नव्हे. शंका आली की शब्दांची व्युत्पत्ती देणारा मोठा कोश उघडून खात्री करून घ्यावी. 1910 साली सयाजीरावांच्या काळात स्थापन झालेले मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय ज्या शहरात आहे, त्या शहराच्या विद्यार्थ्याने तरी कोशाचा कंटाळा करू नये.

आता त्या मुलीच्या चुकीकडे. हेप्ट आणि हिपॅट यांतील फरक कसा लक्षात ठेवावा? सप्त आणि हप्ता हे दोन शब्द डोळ्यांपुढे आणावेत. हप्ता हा शब्द सात या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला आहे आणि तोही सप्तचाच भाऊ आहे. दोन्हींत प आणि त यांचे जोडाक्षर आहे, मध्ये काही नाही. इंग्रजीतही पी आणि टी एकमेकांना चिकटलेले असतील तर अर्थ सात: हेप्टॅगॉन, हेप्टॅथलॉन, सात कार्बन असलेले हेप्टेन. पी आणि टी यांच्यामध्ये ए बसला असेल तर अर्थ यकृत. ही खूण मुलीला सांगितल्यावर तिने पुन्हा ती चूक केली नाही, आणि ‘हेप्टायटिस’ असे चुकीचे स्पेलिंग लिहिणाऱ्या दोन मुलांना तिनेच सुधारले.

वही कशी ठेवावी

1931 साली बडोदा संस्थानाने राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध केला, त्यात इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती आणि इतर भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. आपल्या वहीलाही हीच मांडणी उपयोगी पडते. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचे तोडलेले घटक, तिसऱ्यात मराठी अर्थ, चौथ्यात गुजराती. यकृत हा शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत समान असल्याने शाळेत गुजरातीतून शिकलेल्या मुलाला तिसरा आणि चौथा रकाना एकमेकांचा आधार देतात. फसवे शब्द याच पानावर खाली, वेगळ्या रंगाने लिहावेत. हेपा फिल्टर आणि हेप्टॅगॉन नजरेसमोर असले की खरे शब्द अधिक पक्के होतात.

अर्थ लिहिताना शब्दशः भाषांतरावर थांबू नये. ‘हिपॅटायझेशन’ या शब्दाचा अर्थ यकृतीकरण असा लिहून काहीच कळत नाही, कारण हा शब्द फुप्फुसाविषयी आहे: न्यूमोनियात हवेने भरलेले फुप्फुस यकृतासारखे घट्ट होते, आधी लालसर आणि नंतर राखाडी, म्हणून त्या अवस्थांना हे नाव दिले गेले. ‘हिपॅटोस्कोपी’ म्हणजे यकृत पाहणे, पण दवाखान्यात नव्हे. प्राचीन बॅबिलोनियातील पुरोहित बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरून शकुन पाहत, आणि हे शास्त्र शिकवण्यासाठी केलेल्या मातीच्या यकृताच्या प्रतिकृती आजही उपलब्ध आहेत. हिपॅटायटिसनंतर येणारी ए, बी, सी, डी, ई ही अक्षरे वेगवेगळ्या विषाणूंची नावे आहेत. ए आणि ई मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात, बी, सी आणि डी रक्त व शरीरद्रवांतून. बी विषाणूच्या शोधाबद्दल बरूच ब्लमबर्ग यांना 1976 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस 28 जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. अशी एखादी ओळ शब्दाशेजारी असली की शब्द विसरत नाही.

सरावासाठी घरातील जुना, काम संपलेला सोनोग्राफीचा अहवाल घ्यावा. त्यात ‘इंट्राहिपॅटिक बिलिअरी रॅडिकल्स’ असे आढळेल: इंट्रा म्हणजे आत, हा आपल्या अंतरचा नातेवाईक; बिलिअरी म्हणजे पित्ताचे; रॅडिकल्स म्हणजे मुळांसारख्या बारीक शाखा. यकृताच्या आतील पित्तनलिकांच्या बारीक शाखा, एवढा अर्थ कोशाशिवाय लागतो. शब्द वाचता आला म्हणून आजाराविषयीचा निर्णय स्वतः घेऊ नये, तो डॉक्टरांचा आहे. पण डॉक्टरांनी समजावलेले नीट कळण्यासाठी हे वाचन फार उपयोगी पडते, विशेषतः घरातील वृद्धांसोबत दवाखान्यात जावे लागते तेव्हा.

एका क्रमाला एक आठवडा द्यावा आणि रोज पाचच शब्द तोडावेत. यकृताचे पान भरले की पुढच्या तीन आठवड्यांसाठी ‘ऑस्टिओ’, ‘कार्डिओ’ आणि ‘ओडोंट’ हे क्रम घ्यावेत, आणि कोश उघडण्यापूर्वी प्रत्येक पानाच्या माथ्यावर अस्थि, हृद् आणि दंत हे शब्द लिहून ठेवावेत.